परदेशात गरिबांची सेवा करणाऱ्या मिशनरी सिस्टर्स : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात सिस्टर ओळखीची नाही असं घर सापडणं कठीण. कुणी त्यांच्या शाळेत शिकलेलं असतं, कुणाचं बाळंतपण त्यांच्या इस्पितळात झालेलं असतं, कुणाची आजी त्यांच्या वृद्धाश्रमात असते. पण त्यांतलीच एखादी एक दिवस बॅग भरून आफ्रिकेत नाही तर दक्षिण अमेरिकेत निघून जाते. तिथे ती काय करते, कशी राहते, परत येते की नाही, हे मराठी वाचकाला फारसं कुणी सांगत नाही. मी हिंदू घरातली, शाळा मात्र कॉन्व्हेंटमध्ये झालेली. वाड्यावरची एक मैत्रीण पुढे सिस्टर होऊन आफ्रिकेत गेली आणि तेव्हापासून लोक मला गाठून प्रश्न विचारतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही जिज्ञासेचे आहेत, काही काळजीचे, काही संशयाचे. संशयाचे प्रश्नही टाळलेले नाहीत.

मिशनरी सिस्टर म्हणजे कोण? सगळ्या नन सारख्याच ना?

नाही. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. काही जणी मठाच्या भिंतीआड राहून आयुष्यभर प्रार्थना करतात. बाकीच्या शाळा, दवाखाना, झोपडपट्टी, तुरुंग अशा ठिकाणी लोकांत वावरतात. मिशनरी सिस्टर या दुसऱ्या वाटेची, आणि तिची संस्था बहुतेक वेळा घरापासून दूर, परक्या माणसांत जाण्यासाठीच स्थापन झालेली असते.

हा फरक समजून घ्यायचा तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या इमारतीसमोर जरा वेळ उभं राहावं. तिचं बांधकाम १६०६ साली सुरू झालं आणि १६२७ साली पुरं झालं. या मठात व्रत घेतलेल्या बाईला पुन्हा बाहेरचा रस्ता दिसत नसे. हा काही गोव्याचा वेगळा नियम नव्हता. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ सालीच ननांना मठाबाहेर पडायला बंदी केली होती, आणि सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने ती आणखी आवळली. पुढे १८३४ च्या हुकुमाने पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ मोडीत काढले. सांता मोनिकातल्या ननांना मरेपर्यंत राहू दिलं, पण नवी मुलगी घ्यायला मनाई झाली. तिथली शेवटची नन १८८५ साली वारली.

लोकांत मिसळून काम करणाऱ्या बायकांच्या संस्था तोवर युरोपात उभ्या राहिल्या होत्या. आपल्या देशातही १८७७ साली उटीला फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ही संस्था सुरू झाली आणि तिथून जगभर पसरली. पण अशा सिस्टर्सच्या जगण्याला रोमने नीट मान्यता दिली ती १९०० साली. म्हणजे नन म्हणून बाईने उजळ माथ्याने लोकांत हिंडावं, परदेशी जावं, याला चर्चच्या कायद्यात जागा मिळून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली आहेत.

मठात राहणारीला मात्र कमी लेखू नये. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या संत तेरेझा १८९७ साली वयाच्या २४ व्या वर्षी मठातच वारल्या, मिशनवर कधी गेल्या नाहीत. तरी १९२७ साली चर्चने त्यांना मिशनकार्याच्या आश्रयदात्या म्हणून घोषित केलं. तो मान त्या ज्यांच्याबरोबर वाटून घेतात ते संत फ्रान्सिस झेवियर, आपल्या बॉं जेझूच्या बॅसिलिकेतले.

फादर आणि सिस्टर यांत फरक काय?

फादरला गुरुदीक्षा असते, म्हणून तो मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना करतो आणि पापनिवेदन ऐकतो. सिस्टरला ती नसते. तिचं नातं व्रतांशी आणि संस्थेशी असतं. त्यामुळे दूरच्या मिशनवर फादर महिन्यातून एखाद्या वेळी येतो आणि एरवी सगळा कारभार सिस्टरच बघतात, हे चित्र सर्रास दिसतं.

सिस्टर व्हायला किती वर्षं लागतात?

आज ठरवलं आणि उद्या झगा चढवला, असं होत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं मुलगी संस्थेत नुसती राहून बघते. मग नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ. चर्चच्या कायद्याप्रमाणे तो किमान १२ महिन्यांचा असावा लागतो आणि त्यासाठी वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. पुष्कळ संस्था तो दोन वर्षांचा ठेवतात. त्यानंतर पहिली व्रतं, पण ठराविक मुदतीची. मुदत संपली की पुन्हा विचार, पुन्हा व्रतं. हा काळ किमान तीन वर्षं चालतो, साधारणपणे सहापर्यंत जातो आणि अपवाद म्हणून नऊपर्यंत वाढवता येतो. शेवटी कायमची व्रतं, जी २१ वर्षांच्या आत घेताच येत नाहीत.

मधल्या काळात बहुतेक जणी नर्सिंग, शिक्षण, समाजकार्य असं काहीतरी शिकतात. पहिलं पाऊल टाकल्यापासून कायमच्या व्रतांपर्यंत सात-आठ वर्षं सहज जातात. लग्न ठरवताना आपण इतका वेळ देत नाही.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

ब्रह्मचर्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. सिस्टर्सशी मोकळेपणी बोललं तर त्या सांगतात की खरी परीक्षा बाकीच्या दोन व्रतांची असते.

दारिद्र्याचं व्रत म्हणजे उपाशी राहणं नव्हे. स्वतःचं म्हणून काही न ठेवणं, हा त्याचा गाभा. शाळेत किंवा इस्पितळात मिळणारा पगार संस्थेच्या खात्यात जातो. (अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरच्या पगारातून टीडीएस कापावा की नाही यावर बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले होते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कापावा असा निकाल दिला.) चप्पल तुटली, चष्म्याचा नंबर बदलला, तर घर सांभाळणाऱ्या सिस्टरकडे पैसे मागायचे. नातेवाइकांनी भेट दिली तर ती दाखवायची, आणि बहुधा ती सगळ्यांची होते. चाळिशीतल्या, शंभर खाटांचं इस्पितळ चालवणाऱ्या बाईने साबणासाठी विचारायचं, हे आपल्याला विचित्र वाटतं. माझ्या मैत्रिणीला मी एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या दवाखान्यात येणारी बाई नवऱ्याकडे, सासूकडे, दुकानदाराकडे असंच मागत असते. मला ते कसं लागतं हे ठाऊक असायला हवं." या उत्तरावर मी अजूनही विचार करते.

मदर तेरेझांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत या तीन व्रतांखेरीज चौथं व्रत आहे: गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा. म्हणून त्या संस्थेत फी घेणारी शाळा किंवा बिल देणारं इस्पितळ दिसत नाही.

कुठे पाठवायचं हे कोण ठरवतं? सिस्टरला नाही म्हणता येतं का?

ठरवते संस्था. एका भागातल्या घरांच्या प्रमुख म्हणजे प्रोव्हिन्शियल, आणि त्यांच्यावर साऱ्या संस्थेच्या प्रमुख. परदेशी जायचं तर बहुतेक ठिकाणी आधी विचारलं जातं: तयारी आहे का, तब्येत साथ देईल का, घरी काही अडचण आहे का. अनेक जणी स्वतःहून नाव देतात. सुपीरियरने, म्हणजे या प्रमुखांनी, सिस्टरचं मनापासून ऐकून घ्यावं असं चर्चचा कायदाच सांगतो, पण शेवटचा शब्द सुपीरियरचा.

या व्रताची कसोटी जाताना फारशी लागत नाही. जाताना उत्साह असतो, निरोपाची मिस्सा असते, फोटो असतात. कसोटी लागते बदलीच्या वेळी. सहा-सात वर्षं खपून भाषा शिकली, दवाखाना उभा केला, गावातल्या बाया हक्काने दारात येऊन बसायला लागल्या, आणि मग पत्र येतं की दुसऱ्या देशात जा. जमवलेलं सगळं दुसरीच्या हाती सोपवायचं, नवीन सिस्टरने आपली घडी मोडली तरी दुरून काही बोलायचं नाही, आणि पुन्हा पहिलीच्या पोरासारखं परक्या भाषेत "पाणी", "भाकरी", "दुखतं कुठे" इथून सुरुवात करायची. बाहेरून बघणारे आपण त्यागाचा हिशेब घरदार, लग्न, मुलंबाळं यांत करतो. सिस्टर्सचा खरा त्याग मला या बदल्यांत दिसतो. आपल्या हातून उभं राहिलेलं काम आपलं नाही हे पुन्हा पुन्हा मान्य करायचं, यापेक्षा अवघड काय असेल?

हेही सांगितलं पाहिजे की हे व्रत वाईट हातात पडलं तर त्याचा काच होतो. मोठ्यांनी लहान सिस्टर्सना राबवून घेणं, आजार अंगावर काढायला लावणं असे प्रकार घडले आहेत, आणि अलीकडच्या काळात चर्चमध्येच त्याबद्दल उघड बोललं जाऊ लागलं आहे. ते बोललं जायलाच हवं.

गोव्यातून सिस्टर्स कुठे कुठे जातात?

संस्था जिथे असेल तिथे. आफ्रिकेतले देश, लॅटिन अमेरिका, युरोपातली वृद्धांची घरं. मोझांबिक, अंगोला, ब्राझील, पूर्व तिमोर इथे पोर्तुगीज चालते, त्यामुळे आजी-आजोबांच्या तोंडून ती कानावर पडलेल्या मुलींना थोडा आधार मिळतो.

गोव्याने बाहेर मिशनरी पाठवणं नवीन नाही. बाणावलीला १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण तिथे डच सत्तेने कॅथलिक पाद्रींना मज्जाव केला होता. कँडीत देवीची साथ आली, माणसं आजाऱ्यांना टाकून पळाली, तेव्हा त्यांनी त्यांची शुश्रूषा केली. १७११ साली ते तिथेच वारले, गोव्याला परतले नाहीत. २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं. आज बाहेर पडणाऱ्या मुलींची वाट या माणसाने आधी तुडवलेली आहे.

जाण्याआधी काय तयारी लागते?

व्हिसा सगळ्यात जास्त वेळ खातो. तिथल्या बिशपांचं निमंत्रणपत्र, संस्थेची हमी, पोलिसांचा दाखला, पदवीच्या साक्षांकित प्रती. नर्स असेल तर त्या देशातली नोंदणी वेगळी करावी लागते आणि त्यात कधीकधी वर्ष जातं.

आफ्रिकेच्या बऱ्याच देशांसाठी पिवळ्या तापाची लस बंधनकारक आहे. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, कारण दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य होतो. पूर्वी तो दहा वर्षं चालायचा, २०१६ पासून आयुष्यभर चालतो. भारतात परत येतानाही हाच दाखला दाखवावा लागतो. नसला तर विलगीकरणात बसावं लागतं, म्हणून तो पासपोर्टलाच जोडून ठेवतात.

बॅग भरण्याचा दिवस बघण्यासारखा असतो. पांढरे झगे, दोन स्वेटर, प्रार्थनेचं पुस्तक, टॉर्च, औषधं, एवढंच सिस्टरचं सामान. मग आई सोलं आणते, मावशी रेशाद मसाल्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून देते, कुणी दोदोल आणतं, कुणी पेराद. वजनकाटा नको म्हणतो. माझ्या मैत्रिणीने शेवटी एक स्वेटर काढून ठेवला आणि सोलं घेतली.

तिथे दिवस कसा जातो?

पहाटे पाचच्या आत उठणं, प्रार्थना, मिस्सा असेल तर मिस्सा, नाश्ता, आणि मग काम. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, एकत्र जेवण, नऊ-साडेनऊला दिवे बंद. सौर दिव्यांवर चालणाऱ्या घरात दिवे तसेही बंद होतातच.

खेड्यातल्या दवाखान्याचं उदाहरण घेते. सकाळी सातला ओट्यावर रांग असते. आया रात्रीच चालत निघालेल्या असतात. तापाचं मूल आलं की बोट टोचून मलेरियाची पट्टी लावायची. निकालाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात दंडाभोवती रंगीत फीत गुंडाळून माप घ्यायचं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की फीत लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. १२.५ पर्यंत पिवळी. लाल आलं की शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची पाकिटं मोजून द्यायची आणि आठवड्याने परत बोलवायचं. मलेरिया निघाला तर तीन दिवस, दिवसातून दोनदा गोळ्या. त्या स्निग्ध पदार्थाबरोबर दिल्या तरच नीट लागू पडतात. आता घरात तेल नाही, दूध नाही, तर गोळी कशाबरोबर द्यायची? मग सिस्टर पहिला डोस समोरच देते, लगद्याचा घास आधी भरवून. आणि आईकडून तीनदा वदवून घेते की ताप उतरला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, उरलेल्या शेजारणीच्या मुलासाठी ठेवायच्या नाहीत.

दुपारी हिशेब, औषधांचा साठा, जनरेटरचं डिझेल, सरकारी तक्ते. रात्री दार वाजलं तर बाळंतपण. सेवेची कल्पना करताना आपल्या डोळ्यांसमोर आजाऱ्याचे डोळे पुसणारी बाई येते. त्या बाईचे निम्मे तास वहीत आकडे भरण्यात जातात, आणि ते आकडे भरले नाहीत तर पुढच्या महिन्यात औषधं येत नाहीत. म्हणून मला ते तासही प्रार्थनेइतकेच महत्त्वाचे वाटतात.

सिस्टर डॉक्टर असतात का?

असतात, पण पूर्वी नसत. प्रसूती आणि शस्त्रक्रिया यांपासून व्रतस्थ बायकांना चर्चने बराच काळ दूर ठेवलं होतं. ऑस्ट्रियाच्या डॉक्टर अ‍ॅना डेंगेल यांनी रावळपिंडीत काम करताना पाहिलं की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत आणि उपचारावाचून मरतात. त्यांनी १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्सची सुरुवात केली आणि रोमकडे आग्रह धरला. १९३६ साली बंदी उठली.

डॉक्टर रूथ फाउ यांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असायला हवी. मूळच्या जर्मन. १९६० साली त्या भारतात यायला निघाल्या होत्या, व्हिसाच्या अडचणीमुळे कराचीत अडकल्या. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत हातापायांवर रांगत येणारा तरुण रुग्ण त्यांनी पाहिला आणि त्या तिथेच राहिल्या. १९९६ साली पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. त्या २०१७ साली वारल्या तेव्हा मुस्लिमबहुल देशाने या कॅथलिक सिस्टरचा अंत्यविधी सरकारी इतमामाने केला.

गरिबांची सेवा म्हणजे शेवटी धर्मांतरच ना?

हा प्रश्न गोव्यात विचारला जाणारच, आणि विचारणाऱ्यावर रागावू नये. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं वगळता, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. देवळं पाडली गेली, देव रातोरात नदीपार न्यावे लागले. फोंडा महालातल्या किती देवस्थानांचं मूळ गाव साष्टीत किंवा तिसवाडीत आहे, हे प्रत्येक महाजनाला पाठ असतं. ती आठवण खोटी नाही.

आजचं उत्तर दोन भागांत आहे. पहिलं, सिस्टर तिच्या श्रद्धेमुळेच तिथे गेलेली असते आणि ती ते लपवत नाही. कुणी विचारलं तर येशूबद्दल सांगते, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. दुसरं, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. जबरदस्ती करून किंवा आमिष दाखवून कुणालाही श्रद्धेत ओढणं चर्चला मान्य नाही, असं त्याच दिवशी मंजूर झालेल्या मिशनविषयक लेखातही स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय सिस्टर्स ज्या देशांत जातात त्यांतले कित्येक आधीच ख्रिस्तीबहुल आहेत. मोझांबिकच्या उत्तरेसारख्या मुस्लिम भागातही दवाखान्याच्या रांगेत धर्म विचारला जात नाही.

माझं मत असं की कसोटी साधी ठेवावी. औषध, शिधा, शाळेतली जागा यांपैकी काही श्रद्धेच्या अटीवर मिळतं का? मिळत असेल तर ते चूक, मग करणारा कुणीही असो. मिळत नसेल तर भुकेल्याला जेवू घालणाऱ्या बाईचा हेतू तपासत बसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

जिवाला धोका असतो का?

असतो. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधल्या एडन शहरात मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. चार सिस्टर्ससह १६ जण मारले गेले, त्या चौघींत एक झारखंडची होती. युद्धामुळे निघून जायचा मार्ग असूनही त्या थांबल्या होत्या, कारण आश्रमातली म्हातारी माणसं कुठे जाणार? १९९५ साली काँगोतल्या किकविट शहरात इबोलाची साथ आली, त्यात रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सहा इटालियन सिस्टर्स एकामागून एक गेल्या. ब्राझीलच्या जंगलात भूमिहीन शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना २००५ साली गोळ्या घातल्या गेल्या.

एरवीचे धोके साधे असतात: मलेरिया, खराब रस्त्यावर उलटलेली जीप, वर्षानुवर्षं न तपासलेला रक्तदाब. आणि एकटेपणा. तीन-चार सिस्टर्सच्या घरात तिघी वेगवेगळ्या देशांच्या असल्या की वाद मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत, स्वयंपाकावरून होतात.

घरी कधी येतात? आई-वडील आजारी पडले तर?

प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. साधारण तीन ते पाच वर्षांनी एकदा मोठी सुट्टी मिळते, काही ठिकाणी त्याहून उशिरा. आई-वडील गंभीर असले तर बहुतेक संस्था पाठवतात, पण तिकीट, व्हिसा आणि तीन विमानं बदलून पोहोचेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. मदर तेरेझा १९२८ साली, वयाच्या १८ व्या वर्षी घरातून निघाल्या. त्यानंतर आईची भेट झाली नाही. आई अल्बेनियात होती, तिथल्या राजवटीने वाट अडवली, आणि १९७२ साली ती वारली.

व्हॉट्सअ‍ॅपने आता हे थोडं सुसह्य केलं आहे. पण व्हिडिओवर आईचा चेहरा दिसतो, आईच्या पाठीला तेल लावता येत नाही. सिस्टर गरिबांसाठी काय सोडते हे सगळे बोलतात. तिची आई काय सोडते हे फारसं कुणी बोलत नाही. मला वाटतं, अशा आई-वडिलांना शेजाऱ्यांनी आपलं मानावं. औषध आणून द्यावं, फेस्ताला आणि चतुर्थीलाही घरी बोलवावं, फोन लावून द्यावा. दूर गेलेल्या सिस्टरला याहून मोठी मदत दुसरी नाही.

वडिलोपार्जित घरात तिचा वाटा राहतो का?

गोव्यात हा प्रश्न फार व्यवहारी आहे. इथल्या वारसा कायद्याने मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो आणि सिस्टर झाली म्हणून मुलगी वारस राहत नाही असं होत नाही. वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटपाची प्रक्रिया निघाली की तिचं नाव त्यात येतं. चर्चच्या कायद्याप्रमाणे कायमच्या व्रतांआधी तिला आपल्या मालमत्तेबद्दल मृत्युपत्र करावं लागतं. म्हणून भावंडांनी ती देशात असतानाच वकिलाला गाठून कागद पुरे करावेत. परदेशातून मुखत्यारपत्र मागवायचं म्हणजे दूतावासाचे हेलपाटे.

पैसा कुठून येतो, आणि मदत कशी करावी?

संस्थेच्या शाळा-इस्पितळांचं उत्पन्न, सिस्टर्सचे पगार, देणग्या, तिथल्या सरकारचं किंवा मोठ्या संस्थांचं अनुदान. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या चर्चमध्ये मिशन रविवार पाळतात. ही प्रथा १९२६ साली सुरू झाली. त्या दिवशीची वर्गणी गरीब धर्मप्रांतांना जाते.

मदत करायची तर जुने कपडे पाठवू नका. पाठवणीचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त होतो. औषधं तर मुळीच नकोत, ती सीमाशुल्कात अडकतात आणि मुदत संपून जातात. संस्थेच्या गोव्यातल्या घरी जा, काय लागतं ते विचारा, पैसे बँकेतून द्या, पावती घ्या आणि वर्षाने हिशेब विचारा. हिशेब विचारल्यावर चांगली संस्था कधी रागावत नाही.

ख्रिस्ती नसलेल्यांना त्यांच्याबरोबर काम करता येतं का?

हो. कोलकात्यात मदर तेरेझांच्या घरांत सगळ्या धर्मांचे, आणि कुठलाच धर्म न मानणारेही स्वयंसेवक येतात. गोव्यातल्या वृद्धाश्रमांत आणि अनाथाश्रमांत आठवड्यातले दोन तास देणारा माणूस हवाच असतो. येणार असाल तर ठरलेल्या दिवशी नेमाने या.

मन उडालं तर सोडता येतं का?

येतं. मुदतीची व्रतं संपली की नूतनीकरण न करता घरी जाता येतं. कायमच्या व्रतांनंतर रीतसर परवानगी लागते, संस्थेच्या प्रकाराप्रमाणे रोमची किंवा बिशपांची. नक्की ठरत नसेल तर तीन वर्षांपर्यंत संस्थेबाहेर राहून विचार करायची सोय आहे. केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. पण सोडून जाणारीशी संस्थेने न्यायाने आणि दयेने वागावं असं कायदा सांगतो, आणि त्याचा अर्थ हातात काही रक्कम आणि राहायची सोय असाच असायला हवा.

परत आलेल्या मुलीला गावाने टोमणे मारणं मात्र थांबलं पाहिजे. तिने दिलेली वर्षं खोटी ठरत नाहीत. ज्या बायांची बाळंतपणं तिने केली ती बाळं आता शाळेत जातात.

माझी मुलगी सिस्टर व्हायचं म्हणते. आम्ही काय करावं?

रडारड आणि मिरवणूक दोन्ही टाळा. आधी पदवी किंवा नर्सिंग पूर्ण करायला सांगा. खरी ओढ असेल तर तीन वर्षांत ती कमी होत नाही, आणि चांगल्या संस्थांनाही शिकलेली मुलगीच हवी असते. मग संस्थेच्या घरी स्वतः जा, एकदा न कळवता. जेवणाच्या वेळी लहान सिस्टर्स मोठ्यांसमोर हसतात का ते बघा. आजारी सिस्टरची खोली कुठे आहे, तिथे खिडकी आहे का, ते बघा. म्हाताऱ्या सिस्टर्सना भेटायला मागा, त्यांची देखभाल कोण करतं ते विचारा. घरी फोन किती वेळा करता येतो, आजारपणाचा खर्च कोण करतं, परदेशी पाठवण्याआधी भाषा किती महिने शिकवतात, तक्रार असेल तर सुपीरियरच्या वर कुणाकडे जायचं, हे चारही प्रश्न सरळ विचारा आणि उत्तरं मुलीच्या देखत ऐका.